अवजारांचे आराखडे आणि त्यांची प्रतवारी
(एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाकडून)

गेल्या रब्बीत भीमाकाठच्या आमच्या एका आप्ताच्या रानात जो प्रकार घडला तो आधी सांगतो, म्हणजे हा लेख लिहिण्याचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येईल.

आमचा एक पुतण्या होतकरू आहे. कांद्याची रोपे टाकून पुन्हा ती लावण्यास मजूर मिळेनात, सबब बी थेट पेरण्याचे यंत्र करावे असे त्याने मनात घेतले. मोबाईलवर त्यास एक चित्रफीत सापडली. तीत एक गृहस्थ आपले यंत्र चालवून दाखवीत होते, मापेही सांगत होते, आणि 'ज्यास हवे त्याने खुशाल करून घ्यावे' असे मोकळ्या मनाने म्हणत होते. खाली पसंतीचे अंगठे लाखाच्या वर. पुतण्याने ती मापे कागदावर उतरून घेतली, दौंडकडच्या एका दुकानात यंत्र घडविले आणि दोन एकरांत सात किलो बी पेरले. रान भारी काळे, नुकताच वाफसा आलेले. फण मापाबाहेर खोल गेले, नळ्यांच्या तोंडाशी चिखल बसला, आणि कांद्याचे बी जे जेमतेम अर्धा बोट मातीखाली पडावयाचे ते दोन-दोन बोटे खाली गेले. उगवण झाली ती ठिगळांसारखी. बी गेले, तीन आठवडे गेले, हंगाम मागे पडला.

यंत्र घेऊन आम्ही पुन्हा मिस्तरीकडे गेलो. त्याने एकवार पाहिले, फणांच्या मागे खोली रोखणारी एक आडवी पट्टी बसविली, नळ्यांची तोंडे तिरपी कापली, आणि दुसऱ्या पेरणीस यंत्र सुरळीत चालले. आम्ही त्यास विचारले, "हे तुला आधी ठाऊक होते काय?" तो म्हणाला, "होते ना, भाऊसाहेब. मागल्या साली घोडकाठच्या एका शेतकऱ्याचे यंत्र असेच दुरुस्त करून दिले." "मग बोलला का नाहीस?" "मला विचारले कोणी? पोराने मोबाईल दाखविला, तसे करून दिले."

या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहो. मिस्तरी खोटे बोलला नाही. चित्रफीत करणाऱ्या गृहस्थानेही फसविले नाही. त्याचे रान हलके असावे, तेथे त्याचे यंत्र चांगलेच चालत असावे. पुतण्यानेही आळस केला नाही. तरी दोन एकरांचे बी मातीत गेले, कारण आराखडा शेकडो कोस चालून आमच्या दारी आला आणि त्याचा दोष मात्र एका मिस्तरीच्या डोक्यात दौंडासच बसून राहिला.

आराखडे एकमेकांस फुकट देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पाभर कोणी शोधून काढली हे कोणासही सांगता यावयाचे नाही. दोन फणांची, तीन फणांची, चार फणांची, फणांमधले अंतर पिकाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे कमीजास्त, दिंड कोठे जड तर कोठे हलके, असे तिचे रूप मुलखागणिक बदलत गेले. एका गावच्या सुताराने केलेली सुधारणा दुसऱ्या गावचा सुतार बाजारात उभा राहून पाहून घेई. त्यासाठी कोणी कोणास दाम मोजला नाही. परंतु त्या काळी आराखडा करणारा आणि त्याची तक्रार करणारा एकाच शिवारात राहत असत. पाभरीचे चाडे वाकडे बसले आणि बी एका नळ्यात जास्त उतरू लागले तर शेतकरी दुसऱ्याच दिवशी सुताराच्या दारात उभा राही, आणि सुगीला बलुते घालताना त्या गोष्टीची आठवण करून देई. बलुत्याची पेंढी हीच त्या काळची प्रतवारी होती. हल्ली ती पद्धत मोडली, आणि तिच्यात जातीचा जो जाच होता तो पाहता ती मोडली हे बरेच झाले. मात्र तिच्याबरोबर तक्रार पोचविण्याची वाटही मोडली, आणि तिच्या जागी आपण दुसरी बांधली नाही.

आराखडा उघडा ठेवून दूरदूरच्या माणसांनी मिळून तो सुधारावा, ही कल्पना संगणकाच्या धंद्यात फार फळास आली आहे. फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्स याने, १९९१ साली लिनक्स नावाच्या आज्ञावलीचा गाभा लिहून सर्वांस पाहण्यास व दुरुस्त करण्यास खुला केला. आज आपल्या बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड मोबाईल असतो, तो त्याच गाभ्यावर चालतो. ऐकणाऱ्यास वाटते की सर्वांनी फुकट दिले म्हणून हे झाले. आमच्या समजुतीप्रमाणे ते अर्धेच खरे आहे. तेथे प्रत्येक दुरुस्ती कोणी केली, केव्हा केली, कोणती ओळ काढली व कोणती घातली, याची नोंद राहते. दोष आढळला तर तो कळविण्याची ठराविक जागा असते. आणि जबाबदार माणसाने तपासून मान्य केल्यावाचून दुरुस्ती मुख्य प्रतीत जात नाही. महसूल खात्यात जन्म काढलेल्या मनुष्यास हे ऐकून परके वाटत नाही. ही तर फेरफाराची नोंदवही झाली!

जे वाचक तलाठ्याच्या दप्तराशी झगडले आहेत ते हसतील. हसोत. त्या दप्तराचे दोष आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? परंतु गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, ही मोठ्या अकलेने रचलेली वस्तू आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला तर जुने नाव खोडून नवे लिहिले आणि झाले, असे तेथे चालत नाही. बदलास क्रमांक पडतो, तारीख पडते, कारण लिहावे लागते. हितसंबंधी माणसांस नोटीस जाते आणि हरकतीस पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तांच्या वेगळ्या वहीत चढते. मग मंडल अधिकारी चौकशी करून नोंद प्रमाणित करतो. सातबारा हाताने लिहिला जात असे त्या काळी, नोंद प्रमाणित होईपर्यंत ती उताऱ्यावर पेन्सिलने ठेवीत व नंतर शाईने करीत. पन्नास वर्षांनी वारस भांडू लागले तरी कोणत्या साली काय झाले हे त्या वहीतून काढता येते. पुतण्याच्या पेरणी यंत्राला जर अशी वही असती, तर घोडकाठची दुरुस्ती पेन्सिलीने का होईना तीत दिसली असती.

आता प्रतवारीकडे वळतो. मोबाईलवरील अंगठे आणि तारे ही एक प्रकारची प्रतवारीच होय. पण ती कशाची? चित्रफीत पाहून ज्याचे मन प्रसन्न झाले त्यानेही अंगठा उठविला, आणि ज्याने यंत्र घडवून दोन हंगाम वापरले त्यानेही तोच अंगठा उठविला. दोहोंची किंमत सारखी. ज्यांच्याकडे मुळी रान नाही अशांचे अंगठे त्यांत किती, हे देव जाणे.

आमच्या खात्यात यास नजरअंदाज म्हणतात. पिकाची पैसेवारी काढताना प्रथम नजरअंदाज असतो आणि मग पीक कापणीचे प्रयोग असतात. प्रयोगाचे शेत कोणते घ्यावयाचे ते यदृच्छेने ठरते, गावच्या मर्जीने नव्हे. दोरीने चौकोन आखावयाचा, तेवढेच पीक कापावयाचे, मळावयाचे आणि तराजूत घालावयाचे. हे दोन आकडे नेहमी एक येत नाहीत. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की सवलतींचे दार उघडे, हा कायदा गावास तोंडपाठ असे. त्यामुळे चांगले उभे पीकही पाहणाऱ्यांस मरतुकडे दिसू लागे. (दुष्काळ ठरविण्याचे निकष २०१६ नंतर बदलले, पण मनुष्यस्वभाव त्या परिपत्रकाने बदललेला नाही.) याच न्यायाने ज्यास यंत्र विकावयाचे आहे त्यास ते सोळा आणे दिसते, आणि ज्याचे स्वतःचे यंत्र मागे पडेल त्यास ते चार आणे दिसते.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. उमेदवारीच्या काळात एका गावची पीकपाहणी आम्ही चावडीत बसून, लोकांनी सांगितले तशी लिहिली होती. पावसात बांध तुडविण्याचा कंटाळा, दुसरे कारण नाही. पुढे एका विधवेच्या कर्जप्रकरणी तिच्या पडीक रानात आम्ही बाजरी उभी केली असल्याचे निघाले. ती बाजरी निस्तरता निस्तरता तिला चार हेलपाटे पडले. तेव्हापासून न पाहता दिलेल्या आणेवारीचा आम्हांस तिटकारा आहे.

खरी प्रतवारी कशी असावी याचा नमुना पुणे जिल्ह्यातच आहे, आणि तोही दौंडाच्या शेजारी. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचे सूक्ष्म हिशेब मांडून साऱ्याची आकारणी केली. कागदावर ती फार शास्त्रशुद्ध होती आणि रानात ती कोसळली. रयत गावे सोडून जाऊ लागली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी व प्रतबंदी सुरू केली. त्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले आणि साऱ्या मुंबई इलाख्यात चालले. तीत जमिनीचे नऊ वर्ग, पहिला सोळा आण्यांचा, आणि तेथून खाली उतरती भाजणी. प्रतदार शेताचे कागदावर सारखे खाने पाडी, प्रत्येक खान्यात माती खणून तिची खोली व जात पाही.

यात आमच्या विषयास लागू पडणारी जी गोष्ट आहे ती वर्गांची संख्या नव्हे. प्रतदारास नुसता आकडा लिहून मोकळे होता येत नसे. खडे मिसळलेले आहेत, वाळूचा भाग फार, जमीन उतरती आहे, पाणी साचून राहते, पुराचा लोट अंगावरून जातो, अशा एकेका दोषास एकेक खूण ठरविलेली होती. दोष दिसला की खान्यात त्याची खूण करावयाची आणि तेवढा वर्ग खाली उतरावयाचा. म्हणजे दहा आणे का, याचे उत्तर त्याच चौकोनात लिहिलेले असे. दुसरा अधिकारी येऊन खणून पाहू शके आणि चूक असेल तर धरू शके. मोबाईलवरील साडेचार ताऱ्यांस विचारा की अर्धा तारा कशासाठी कापला. ते काय सांगणार?

शिरूर तालुक्यातील वाचकांस पाबळचे विज्ञान आश्रम ठाऊक आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली मुद्दाम त्या अवर्षणी गावी बिऱ्हाड केले आणि खेड्यातील मुलांस हाताने काम करीत शिकविण्याचा प्रयोग मांडला. भूगर्भातील पाणी शोधण्याची उपकरणे, त्रिकोणी सांगाड्याची घुमटाकार घरे, लहान ट्रॅक्टर, अशा वस्तू तेथे घडल्या. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या नील गर्शनफेल्ड यांनी ज्यास 'फॅब लॅब' म्हणतात असे यंत्रसज्ज कारखाने जगभर उभारण्याची जी कल्पना काढली, तिचा त्या विद्यापीठाबाहेरील पहिला कारखाना २००२ साली याच पाबळास उभा राहिला. पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे. आज जगात असे कारखाने पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सनदेत असे आहे की तेथे घडलेली वस्तू कर्त्याने हवी तर विकावी, परंतु इतरांस ती शिकण्यास व स्वतःपुरती वापरण्यास उपलब्ध राहावी. जगाच्या या व्यवहाराचे एक टोक आपल्या तालुक्यात असता, पाबळपासून दिवसभरात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर आमचा पुतण्या एका अनोळखी चित्रफितीवरून यंत्र घडवितो, ही काही त्या संस्थेची उणीव नव्हे. आपणच तिकडे फिरकत नाही. यात्रेस जातो, रांजणगावच्या गणपतीस जातो, पाबळची कार्यशाळा मात्र आपल्या गाडीच्या वाटेत येत नाही.

अशा वहीस एक मोठी हरकत येईल, आणि ती खोटी नाही. लोक म्हणतील, आम्ही डोके चालवावयाचे, लोखंड जाळावयाचे, आणि आराखडा वहीत देऊन टाकावयाचा, मग आम्हांस काय? या प्रश्नास उदाहरण द्यावयाचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांचे द्यावे लागेल. थोडक्या जमिनीचे हे धनी. १९८३ च्या सुमारास आपल्या भातात त्यांस काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढविल्या आणि बी मागेल त्यास दिले. त्या काळच्या मनगटी घड्याळाच्या नावावरून तांदळास 'एचएमटी' नाव पडले व तो दूरवरच्या बाजारांत गेला. पुढे कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्ध केलेले वाण आपल्या नावानिशी प्रसृत केले, आणि मूळ निवडीचे श्रेय कोणाचे हा वाद पुष्कळ वर्षे राहिला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला हे खरे, पण आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी ओढग्रस्तीत काढला आणि २०१८ च्या जूनमध्ये ते वारले.

दादाजींनी बी दिले ही चूक झाली, असे म्हणणारे आम्हांस भेटतात. आम्ही तसे म्हणणार नाही. बी दिले नसते तर ते दीड एकरातच राहिले असते. त्यांच्या बियाबरोबर पहिल्याच दिवशी त्यांचे नाव व तारीख लिहिलेला कागद गेला नाही, हे मात्र वाईट झाले. बियाण्यांपुरता २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आता आहे. त्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व, कंपनीच्या छापाखाली नसेल तर, विकण्याचाही हक्क शेतकऱ्यास दिला, आणि शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणीही होऊ शकते. अवजारांस असे काही नाही. तेथे पेटंटचा कायदा लागतो, आणि त्याचा खर्च व खटपट लहान माणसास झेपत नाही. परंतु त्या कायद्याचा एक गुण ध्यानात धरावा. जी गोष्ट आधीच तारीखवार प्रसिद्ध झालेली आहे, तिचे पेटंट मागाहून दुसऱ्या कोणास मिळू नये असा नियम आहे. म्हणून छापील वहीतील नोंद हा पुरावा ठरतो. मात्र हेही उघड सांगितले पाहिजे की एकदा छापल्यावर सामान्यतः कर्त्यासही पेटंट मागता येत नाही. ज्यास पेटंट घ्यावयाचे असेल त्याने वहीत येण्याच्या आधी अर्ज करावा. त्यात लपवाछपवी नको.

नाव लिहून ठेवण्याची ही रीत मधमाशीच्या नावाने चालणाऱ्या एका जाळ्याने देशात पूर्वीच घातली आहे. अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू केले. माशी मध नेते पण फुलाचे नुकसान करीत नाही, तसे ज्याच्याकडून युक्ती घेतली त्याचे नाव लिहावे आणि ती त्याच्या भाषेत त्यास परत पोचवावी, असा त्यांचा दंडक. तो आपण सरळ उचलावा.

आमची सूचना अशी. आपल्या संघाने शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरती अवजारांची एक वही ठेवावी. तीत आराखडा, कर्त्याचे नाव, आणि पुढे प्रत्येक फेरफार क्रमांकवार यावा. लेखी हरकतीस जागा असावी. प्रत देताना नुसते आणे देऊ नयेत. यंत्र निदान दोन प्रकारच्या रानांत चालवून, किती तासांत किती पेरले, काय मोडले, दुरुस्तीस काय लागले हे लिहावे, आणि दोषाची खूण करावी. भारी रानात चिकटते, चढावर सरकते, लहान ट्रॅक्टरास झेपत नाही, अशा आठ-दहा खुणा ठरविल्या की पुरे. ज्याने ते घडवून विकले त्यास आणि त्याच्या भावकीस प्रत देण्याच्या कामातून वगळावे. मोफत वाटून घेतलेल्या यंत्रावर प्रत देणारानेही ते सांगावे. आपल्या लोकांस लिहिण्याचा कंटाळा आहे हे आम्ही जाणतो. म्हणून लिहिण्याचे काम गावोगावच्या आम्हांसारख्या रिकाम्या पेन्शनरांकडे द्यावे. आमच्या हाताला ती सवय आहे, आणि घरात आमचा उपयोग कमी झाला आहे.

दुकानदार मिस्तरी रागावतील, असे एका मित्राने आम्हांस सांगितले. आमचा अनुभव निराळा आहे. दुरुस्तीखाली तुझे नाव छापून येईल, असे म्हणताच त्या मिस्तरीने खडू घेऊन दुकानाच्या फरशीवर पट्टीचे चित्र काढले, आणि शेजारच्या दोन मुलांस बोलावून दाखविले. "नाव नीट लिहा, भाऊसाहेब. वडिलांचेही लिहा. त्यांच्या हाताखालीच शिकलो," एवढेच त्याचे म्हणणे पडले.

ते चित्र आम्ही मापांसह कागदावर उतरून संपादकांकडे दिले आहे. त्याची नोंद क्रमांक एक, पेन्सिलीने, असे समजावे. कार्तिकात एक पेरणी आमच्या पुतण्याच्या काळ्या रानात होईल. दुसरीसाठी शिरूरच्या पश्चिम भागातील हलके, मुरमाड अर्धा एकर पाहिजे. ज्यास देता येईल त्याने संघाच्या कचेरीत कळवावे. बी आमचे.